एका किल्लीची दोन कुलपं

तेलाच्या इंजिनाचा आवाज लांबून ऐकू आला की मी हातातलं काम थांबवतो. जेवत असलो तर घास थांबतो. बायको म्हणते, "कोनाच्या तरी मळ्यात पानी चालू झालं. तुमचं काय गेलं?" माझं काही गेलं नाही. जाता जाता राहिलं.

दिवाळी अंक म्हणजे उजेडाचा अंक. उजेडाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी वायरमन आहे, म्हणून तारेच्या दुसऱ्या टोकाला खांबावर बसलेल्या माणसाबद्दल लिहितो.

आधी माझ्याबद्दल थोडं. वडील यवतमाळच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभेची, निवडणुकीची, निषेधाची. छपाईत खराब झालेले कागद वडील घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करी. गणित सुटलं नाही की कागद उलटून वाची. त्यामुळे माझं गणित कच्चं राहिलं आणि 'बंधूंनो, जागे व्हा' हे बाराखडीसारखं पाठ झालं. पुढे परवाना मिळाला, एका ठेकेदाराकडे लागलो, तरी खिशात टेस्टर आणि पत्रक दोन्ही असत. पत्रकांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती : कामावर माणूस मरतो तेव्हा त्यामागे एखादा वाईट माणूस असतो. तो शोधा. पांढरकवड्याच्या त्या कामापर्यंत मी हे खरं धरून होतो.

माझं काम असं. आमच्या जिल्ह्यात वीज नवीन. ती गावात यायच्या आधीपासून जिनं, तेलघाण्या, फिरते सिनेमे स्वतःच्या इंजिनावर वीज तयार करत होते. बाहेरच्या विजेची लाईन आली तशी सगळ्यांनी ती घेतली, पण इंजिन कोणी विकलं नाही. लाईन जाते. गेली की इंजिन चालवायचं, आली की बंद करायचं. या दोन विजा एका घरात नांदवायच्या, तशी तारांची जोडणी करून, तपासून चालू करून द्यायची, हे माझं काम.

यात मरण कुठे आहे ते सांगतो. लाईन गेली, पण तिचा खटका कोणी बंद केला नाही आणि इंजिन सुरू केलं, तर इंजिनाची वीज कारखान्यात फिरते आणि चालू राहिलेल्या खटक्यातून उलटी बाहेरही जाते. बाहेर ट्रान्सफॉर्मर आहे. तो अकरा हजार व्होल्टचे चारशे करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उलट्या बाजूनं चारशे दिले तर तोच मुकाट्यानं अकरा हजार करून देतो, हे लोकांना ठाऊक नसतं. आणि लाईन गेली म्हणजे त्याच वेळी ती दुरुस्त करायला कोणीतरी खांबावर चढलेला असतो. मेलेली तार समजून तो हात लावतो.

उमरखेडला एका फिरत्या सिनेमाच्या मालकाला मी हे समजावत होतो. तो पान लावत म्हणाला, "काय सांगता राव! बिजली काय गाय आहे, चुकून दुसऱ्याच्या गोठ्यात शिरायले?"

"गायच आहे," मी म्हणालो. "दार उघडं दिसलं की शिरते."

तो हसला आणि नवा खटका बसवायचं पुढच्या यात्रेवर ढकललं. मी त्याच्या तंबूवर एक पत्रक चिकटवून आलो. त्यानं ते दुसऱ्याच दिवशी नव्या खेळाच्या जाहिरातीखाली झाकलं.

पांढरकवड्याचं काम जिनाचं होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना. पुढे रुई दाबून गाठी बांधायचा प्रेसही तिथेच. नाव लिहीत नाही, मालक-माणसं अजून आहेत. व्यवस्थापक वामनराव. सज्जन माणूस, पण आगीला इतका भ्यायचा की सभोवती कोणी हात चोळले तरी वळून बघायचा. त्याचं चूक नव्हतं. कापसाच्या गंजीत ठिणगी पडली तर विझवायला पाणी नाही, पळायलाही वेळ मिळत नाही. म्हणून त्या जिनात दोन कडक नियम होते. फाटकावर चौकीदार डोमाजी आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेई आणि बिडी-काडीपेटी काढून ठेवी. दुसरा नियम : जिनातल्या प्रत्येक कुलपाची जास्तीची किल्ली फाटकाजवळच्या फळीवर खिळ्याला टांगलेली असे. आग लागली तर किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला कुठे शोधत बसणार? मला दोन्ही नियम आवडले होते. शिस्त दिसली की पत्रकवाल्याला बरं वाटतं.

इंजिन रहमानचाचांचं. म्हणजे मालकाचं, पण चाचांनी ते इतकी वर्षं चालवलं होतं की ते त्याला "बुढ्ढा" म्हणत आणि त्याच्याशी बोलत. लाईन आल्यावर बुढ्ढा नुसता राखीव राहणार, याचं त्यांना दुःख होतं. पहिल्या चाचणीत इंजिनावर रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, सुलटे फिरले आणि लाईनीवर उलटे. तीन तारांचा क्रम बदलला की मोटार उलटी फिरते. लाईनीच्या दोन तारांची अदलाबदल केली की झालं. पण चाचांना आनंद झाला. म्हणाले, "देखा? मेरा बुढ्ढा सीधे हाथ से खाता है. तुमची लाईन डावखुरी आहे."

दोन्ही बाजूंना एकाच दांड्यानं फिरणारा खटका बसवला असता तर प्रश्नच नव्हता. दांडा एका वेळी एकीकडेच जातो. पण तेवढा मोठा खटका नागपूरला मिळेना आणि हंगाम उभा राहिला होता. लाईनीचा खटका फाटकाजवळच्या मीटरच्या खोलीत, इंजिनाचा खटका मागे इंजिनघरात. मधे सगळं आवार. मग मी एक युक्ती केली, तिचा मला फार अभिमान होता. बाजारातून एकाच किल्लीनं उघडणारी दोन अलीगढी कुलपं आणली. या कुलपाची गंमत अशी की ते उघडं असेपर्यंत किल्ली आत अडकून राहते. दाबून बंद केलं तरच ती बाहेर निघते. लोहाराकडून दोन्ही खटक्यांना कडी-कोयंडे करून घेतले. खटका बंद असला तरच त्याला कुलूप लागतं. जास्तीच्या किल्ल्या मी लोहाराच्या भट्टीत वितळवल्या. राहिली एक. लाईन चालू असेल तर ती किल्ली लाईनीच्या उघड्या कुलपात अडकलेली. इंजिन चालवायचं तर आधी लाईनीचा खटका पाडा, कुलूप लावा, किल्ली काढा, आवार ओलांडून इंजिनघरात या. दोन्ही एकदम चालू होणं शक्यच नाही.

चाचांना मी पढवलं, "किल्ली तुमच्या हातात आली याचा अर्थ लाईन बंद. दुसरं काही विचारायचं नाही."

"किल्ली हातात, लाईन बंद," चाचांनी दोनदा म्हणून दाखवलं.

आता लाईनमन थावरा राठोड. गावाबाहेरच्या तांड्यावर राहणारा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. तो हसून म्हणे, "आमी पयले मीठ वाह्यलं, आता बिजली वाहून राह्यलो. पाठ तेच." त्याला मी माझी युक्ती दाखवली. त्यानं किल्ली हातात घेऊन उलटीपालटी केली, परत दिली.

"एकच आहे ना?"

"एकच."

"मंग बेस," तो म्हणाला.

काम सुपूर्द करायच्या आदल्या दिवशी दुपारी लाईन गेली. फाटकाबाहेर लिंबाजवळ आमच्या जिनाचा ट्रान्सफॉर्मर दोन खांबांवर बसवलेला होता. लिंबावरून एक वांदर त्यावर उडालं आणि वरच्या तारांत भाजून तिथंच लटकलं. थावरा आला. त्यानं दांडा ओढून मागची लाईन तोडली. म्हणजे आता त्या सांगाड्यात वीज येण्याची एकच वाट उरली होती, जिनातून. मी त्याच्याबरोबर बाहेर होतो. निघताना मीटरच्या खोलीत डोकावलो होतो. लाईनीचा खटका चालू, कुलूप उघडं, किल्ली कुलपात. ठीक. किल्ली इथे आहे, म्हणजे इंजिनाचं कुलूप उघडणार नाही. माझ्या युक्तीनं मला इतकं निर्धास्त केलं होतं की मी खटका पाडायची तसदीही घेतली नाही. तसा नियमच होता : एक किल्ली, एक वीज.

थावरा वर चढला. तो आडव्या लोखंडावर बसला आणि खांद्यावरच्या पिशवीतून साखळी काढायला लागला. काम सुरू करण्याआधी ही साखळी तारांवर टाकून जमिनीशी जोडायची असते. ती पडायच्या आधीच आतून आवाज आला. ठक्. ठक्. ठक् ठक् ठक्.

बुढ्ढा सुरू झाला होता. मी हसलो. चाचा नुसतं फिरवून बघत असतील. खटका तर कुलपात आहे.

वरून थावराचा आवाज आला. ओरडून नाही, अगदी हळू.

"वायरमन... हे गुनगुन करून राह्यलं."

मी ऐकलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, एका सुरात. थावराच्या पायांखाली, मांड्यांशेजारी, डोक्यापासून हातभर अंतरावर, सगळ्या तारा जिवंत झाल्या होत्या. साखळीचं एक टोक त्याच्या हातात होतं, बाकीची पिशवीत. ती निसटून तारेवर पडली असती तरी पुरे होतं.

"हलू नको!" मी ओरडलो.

"याडी..." तो आईला हाक मारल्यासारखं पुटपुटला.

मी फाटकाकडे पळालो. माझे पाय चालत होते, पण डोकं एकच विचारत होतं : किल्ली तर कुलपात आहे, मग वीज आली कुठून? फाटकाच्या छोट्या दारात डोमाजी आडवा आला.

"थांबा ना. झडती."

"हट! माणूस मरते!"

"काडीपेटी आहे का खिशात?"

मी त्याला ढकललं. तो पडला. तो अजूनही म्हणतो, त्या दिवशी तुम्ही झडती न देता आत गेलते. मी मीटरच्या खोलीत शिरलो. उघड्या कुलपात माझी किल्ली लटकत होती, मघाशी होती तशीच. मी दांडा पाडला. कुलूप दाबलं. किल्ली उपसली. ती माझ्या मुठीत होती आणि मागे इंजिन चालूच होतं.

तेव्हा मला खरी भीती वाटली. आधी वाटली ती थावरासाठी. ही वेगळी होती. जे होणं शक्यच नाही असं मी दोन लोकांना सांगितलं होतं, ते माझ्यासमोर ठकठक वाजत होतं.

आवार ओलांडून इंजिनघरात गेलो. खटका चालू. कुलूप उघडं. त्यात किल्ली. नवी, पितळेची, चकचकीत. चाचा हसत होते.

"बंद करा!"

त्यांनी बंद केलं. माझा चेहरा पाहून त्यांचं हसू उतरलं. "काय झालं बेटा? मॅनेजरसाहेबानं किल्ली पाठवली. प्रेसमदी गाठ अर्धी अटकली होती. किल्ली हातात, लाईन बंद. तूच तं सांगतलं."

त्यांनी नियम अक्षरशः पाळला होता.

वामनराव आले. त्यांनीही नियमच पाळला होता. नव्या कुलपाची जास्तीची किल्ली फळीवर नाही हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून बाजाराच्या दिवशी किल्लीवाल्याकडून त्यांनी ती पाडून घेतली आणि खिळ्याला टांगली. उद्या खटक्यातून आग लागली आणि मी गावात नसलो तर? मला सांगायची गरज त्यांना वाटली नाही. दर कुलपाला ते हेच करत आले होते. सरळ माणसांचे दोन चांगले नियम, आणि त्यांच्यामधे खांबावर एक माणूस. माझ्या कोणत्याही पत्रकात हे लिहिलेलं नव्हतं.

दोन्ही किल्ल्या घेऊन मी परत पळालो. थावरा तसाच होता. हात छातीशी, साखळी मुठीत, नजर समोर. वांदर त्याच्या शेजारी लटकत होतं. गुणगुण थांबली होती, पण तो हलला नव्हता.

"उतर, थावराभाऊ. बंद केलं."

"किल्ली कोनापाशी?"

"माझ्यापाशी. दोन्ही."

"दोन?" तो थांबला. "तं तिसरी नसन काहून?"

फळीवर अजून एखादी असेल का, किल्लीवाल्यानं स्वतःकडे ठेवली असेल का, मला काय माहीत?

"तू खटक्यापाशी जाऊन उभा राह," तो म्हणाला. "पाठ लावून. मी माह्या पायानं तिथं येईन. मी येईस्तोवर हलजो नको. बापानं बोलावलं तरी."

मी गेलो. मीटरच्या खोलीत खटक्याला पाठ लावून उभा राहिलो. तिथून खांब दिसत नव्हता. तो उतरतोय का, घसरला का, काही कळत नव्हतं. पाठीला लोखंड गार लागत होतं आणि मला प्रत्येक क्षणी वाटत होतं की ते आता गुणगुणायला लागेल. वामनराव दारात येऊन काही बोलले. मी हललो नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांचे बैल घंटा वाजवत होते. नंतर दारात सावली पडली आणि थावरा आत आला. त्यानं माझ्या खांद्याआडून दांडा पाहिला, कुलूप ओढून पाहिलं, मग भिंतीला टेकून खाली बसला.

"पानी दे," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी वामनरावांशी माझं भांडण झालं. मी सांगितलं, काम चालू करून देणार नाही, सही करणार नाही.

"अहो, गाड्या सडकेपर्यंत लागल्या," ते म्हणाले. "ती किल्ली मी फेकून देतो. झालं?"

"आणि पुढच्या वर्षी दुसरा व्यवस्थापक आला तर? त्याला आगीची भीती नसेल?"

"मग करायचं काय म्हणता?"

मला तेही माहीत नव्हतं. मी मोठमोठ्यानं बोलत होतो. म्हणालो, जो खांबावर चढेल त्याच्याच हातात किल्ली. वामनराव भडकले. "जिनाची किल्ली तांड्यावरच्या माणसाच्या कमरेला? मालकाला काय सांगू?"

थावरा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. तो उठला. "जिनाची किल्ली कोनाले पाह्यजे? ठेवा तुमच्यापाशी. दहा पाडा." आणि निघून गेला. वामनराव म्हणाले, "पाहा, तो काय म्हणतो." मला वाटलं, तो चिडून गेला.

सकाळी तो आला तेव्हा त्याच्या हातात एक कुलूप होतं. जुनं, जड, देशी लोहाराच्या हातचं, त्यावर ज्वारीची धूळ. त्याच्या घरच्या धान्याच्या कोठीचं.

"लाईनीच्या खटक्याच्या कडीले अजून एक भोक पाडून दे," तो मला म्हणाला. "तुमचं कुलूप तुमी लावा, खोला, पुन्हा लावा. वर चढाच्या आधी मी माहं लावीन. उतरलो का माहं काढीन. याची किल्ली माह्या कमरेले. याले दुसरी किल्ली नाई. ज्यानं बनवलं तो मेला."

"आणि घरची कोठी?" वामनरावांनी विचारलं.

"दोरी बांधली. तिथं उंदीर चोरते. इथं मी मरतो."

वामनरावांनी ते कुलूप हातात घेऊन पाहिलं. हे कुलूप जिनाचं नव्हतं, म्हणून त्याची किल्ली फळीवर टांगायचा प्रश्न नव्हता. त्यांचा नियम मोडत नव्हता. त्यांनी स्वतः लोहाराला बोलावलं.

भोक पडलं. लाईनीचा खटका बंद, दोन कुलपं एका कडीत. मी सुटकेचा निःश्वास टाकत होतो, तेवढ्यात थावरा पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "आता चाचाले सांग. इंजन चालू करा. खटकाबी चालू करा."

"आत्ता? तू वर असताना?"

"मंग कवा? मी खाली असतानी तं ते कोनालेच मारत नाई."

"थावराभाऊ, आधी मी तपासतो. मीटर लावून..."

"तुहं मीटर खाली राह्यते," तो म्हणाला. "रोज असंच होनार आहे ना? इंजन चालू अन् मी वर. आजच पाहून घेऊ."

तो चढला. मी चाचांना निरोप पाठवला आणि खांबाखाली उभा राहिलो. वामनराव शेजारी आले. डोमाजी फाटक सोडून आला. गाडीवानही आले. ठक्. ठक्. ठक् ठक् ठक्. आत रेचे घुमायला लागले, म्हणजे इंजिनाचा खटकाही चालू झाला होता. आता इंजिन आणि थावरा यांच्यामधे दोन कुलपं होती, आणि त्यांतल्या एकालाच दुसरी किल्ली नव्हती.

थावरा ट्रान्सफॉर्मरकडे कान करून बसला. आम्ही सगळे त्याच्या कानाकडे पाहत होतो. मग त्यानं साखळी काढली आणि फेकली. तारांवर ती खणखणली. वामनरावांनी माझी बाही धरली. ठिणगी उडाली नाही. त्यानं काठीनं वांदर खाली पाडलं. मग जळलेल्या फ्यूजच्या जागी बांधायला पिशवीतून नवी तार काढली. ती बारीक असते, रबरी हातमोज्यातून आवळता येत नाही. त्यानं दातांनी मोजा ओढून काढला आणि उघडा हात वर नेला.

मी मान खाली घातली. बुढ्ढा ठकठकत होता. मी माझ्या चपलांकडे पाहत होतो आणि कानांनी फक्त ती गुणगुण शोधत होतो.

"ओ वायरमन," वरून आवाज आला. "खाली काय पाहून राह्यला? तुहं काम वरतं आहे."

मी वर पाहिलं. तार त्याच्या उघड्या बोटांत होती.